मामांच्या ट्रंकेतली कॅसेट : वर ‘भूप’ लिहिलंय, खरं भूपच आहे का?

मलप्रभा (खानापूर) – रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मामा जाऊन दीड वर्ष झालं. बेळगावच्या शहापुरातलं त्यांचं घर या महिन्यात रिकामं करायचं आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत मामींच्या साड्या असतील असं वाटलं होतं, निघाल्या तेवीस कॅसेट. एकही बाजारातली नाही, सगळ्या घरी भरलेल्या.

मामांचे गाण्याचे गुरुजी बेळगावातच राहायचे, घरीच शिकवायचे. बाहेरगावी फारसे गायले नाहीत आणि त्यांची रेकॉर्ड कधी निघाली नाही. घरच्यांना अजून विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. तेवीसपैकी निम्म्या तरी त्यांच्याच असतील. मधूनच मामांचा आवाज येतो, “वा गुरुजी!” तिथे मला कॅसेट थांबवावी लागते.

एका कॅसेटवर निळ्या शाईत एवढंच आहे : “भूप. १९७९.” तिचा दोन मिनिटांचा तुकडा सोबत जोडला आहे. खरखर फार होती, ती फोनवरच्या एका अ‍ॅपने काढून टाकली. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा भूप रागच का? बाकीच्या कॅसेट कशा वाचवायच्या? आणि हे सगळं इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकावं की घरात ठेवावं?

टिळकवाडीकर – रात्री १०.१५

ताई, आवाज काय लागलाय! गाणारा नुसता शिकवणीचा मास्तर नव्हे, एवढं दोन मिनिटांत कळतं. भूप मात्र वाटत नाही. वरच्या सा वरून खाली येताना मींडेत, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरताना, निषादाची (नी) सावली पडते आहे, म्हणून मी शुद्ध कल्याण म्हणेन. अब्दुल करीम खाँसाहेबांची शुद्ध कल्याणातली ‘मंदर बाजू रे’ची जुनी तबकडी ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

जोडराग (निपाणी) – रात्री १०.३२

अण्णा, आदर ठेवून सांगतो, शुद्ध कल्याण नाही. शुद्ध कल्याण मंद्रात, खालच्या सप्तकात, रमतो. हे गृहस्थ दोन मिनिटांत एकदाही सा च्या खाली गेलेले नाहीत. सगळा मुक्काम वरच्या अंगात, आणि तोही धैवतावर (ध). भूपात धैवत घेऊन माणूस खाली गंधाराकडे (ग) येतो. इथे धैवतावर उभा राहतो, पंचमाला हात लावतो आणि परत धैवतावर. मला देशकार वाटतो.

टिळकवाडीकर – रात्री १०.४१

सावलीचं काय मग?

जोडराग – रात्री १०.४४

ती सावली अ‍ॅपने पाडली असावी. आवाजाच्या कडा कशा पाण्यात भिजल्यासारख्या झाल्यात बघा. ताई, न धुतलेला तुकडा टाका ना.

ऐकणारा (संकेश्वर) – रात्री ११.०५

मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. भूप आणि देशकार दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर ना? मग नावं दोन कशी?

जोडराग – रात्री ११.२०

चांगला प्रश्न विचारलास. स्वर तेच, घर वेगळं. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. देशकारात नेमकं उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळचा. देशकारात रिषभ चढताना जवळजवळ लपवतात. पण हे वाचून कळणार नाही. रोज सकाळी देशकार आणि दिवेलागणीनंतर भूप, असं आठवडाभर ऐक. शनिवारी मी तुला वेगळं काही सांगायची गरज राहणार नाही.

फीत_आणि_सुई (गोकाक) – सोमवार, सकाळी ७.१०

मलप्रभाताई, कृपा करून उरलेल्या बावीस कॅसेट त्या अ‍ॅपला दाखवू नका. हे मी कळकळीने सांगतो आहे. जुन्या फितीवरची खरखर काढताना तंबोऱ्याच्या तारांवर चढणारे वरचे सूक्ष्म स्वर सगळ्यांत आधी जातात, कारण ते खरखरीच्याच पट्ट्यात राहतात. तंबोरा गेला की गायकाच्या पायाखालची जमीन जाते. आधी जसं आहे तसं उतरवून घ्या. साफसफाई करायची तर नकलेवर, कधीही.

आता कॅसेटचं. बेळगावचा पाऊस चार महिने भिंतीतून आत येतो, त्यामुळे बुरशी गृहीत धरा. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागेल. ज्यांना बुरशी नाही त्या एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा आणि मगच वाजवा. वर्षानुवर्षं पडून फीत एकमेकींना चिकटलेली असते. मधल्या पत्तीवरचा फेल्टचा बारीक तुकडा गळाला असेल तर आवाज दबका येतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून फीत दुसऱ्या कवचात घालता येते. नव्वद मिनिटांची फीत साठच्यापेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा.

प्रत्येक कॅसेट सुरू करण्याआधी हेडचा कोन त्या फितीनुसार बारीक स्क्रूने जुळवा. आवाज सगळ्यांत उजळ होतो तिथे थांबा. चोवीस बिटची वेव्ह फाइल करा, ती मूळ प्रत. इथे टाकायला एमपी३ चालेल.

शनिवारची_रात्र (चिकोडी) – सोमवार, सकाळी ९.५०

गोकाकच्या भावांनी सांगितलं ते सोन्यासारखं. मी तांत्रिक काही सांगू शकत नाही, फक्त आठवण.

आमच्या घरी वडिलांच्या रेडिओवर दोन रेघा होत्या, नखाने ओरखडलेल्या. एक धारवाड, एक सांगली. धारवाड केंद्र १९५० पासूनचं आणि सांगलीचं १९६३ चं, त्यामुळे आम्हा सीमेवरच्यांच्या कानाला दोन्हीकडचं गाणं मिळालं. धारवाडवर मल्लिकार्जुन मन्सूरांनी वचन गायलं की शेजारच्या अव्वा भिंतीला टेकून बसायच्या, आणि सांगलीवर नाट्यपद लागलं की माझी आई. भीमसेनजींच्या वेळी दोघी एकाच दारात. दासवाणी (कन्नड भक्तिपदं) असली की अव्वा आईला अर्थ सांगायच्या, अभंग असला की आई अव्वांना. शनिवारी रात्री दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असायचा. वडील साडेनऊला जेवणाची ताटं उचलायला लावायचे, कारण भांड्यांचा आवाज चालायचा नाही.

त्यातलं आमच्याकडे काहीही भरून ठेवलेलं नाही. म्हणून ताई, तुमची ट्रंक वाचली याचा मला फार आनंद झाला.

सुळेभावीचा – सोमवार, दुपारी १.३०

माझी मातृभाषा कन्नड, मराठी शाळेतली. चूक पोटात घाला.

आमच्या गावचं एकच सांगतो. कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीत जन्मले, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी. लहान असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचे, देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला जाण्याच्या आधी. म्हणजे बेळगावाशेजारच्या खेड्यातल्या पोराला ज्या गवयांच्या समोर बसणं शक्य नव्हतं, ते तबकडीतून त्याच्याकडे आले. म्हणून माझं मत : ताई, टाका. कुठल्या गावात कुठलं पोर ऐकत बसेल, आपल्याला काय माहीत?

टिळकवाडीकर – सोमवार, दुपारी २.०५

उदाहरण बरोबर, निष्कर्ष अर्धाच. पुढे कुमारांनी त्या तबकड्यांपासून दूर जाऊन स्वतःचं गाणं घडवलं. आणि त्या तबकड्या गवयांनी स्वतःहून, कर्ण्यासमोर बसून, जगाने ऐकाव्यात म्हणून दिल्या होत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ तीन-सव्वातीन मिनिटांत बसवली. काय ठेवायचं, काय सोडायचं ते त्यांनी ठरवलं. शिकवणीच्या खोलीत टेपरेकॉर्डर कोपऱ्यात चालू असताना गाणाऱ्याने काहीच ठरवलेलं नसतं. खोकला, चुकलेली सम, शिष्यावरचा राग, सगळं त्यात असतं. ते जगापुढे ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सुळेभावीचा – सोमवार, दुपारी २.२०

खरं आहे अण्णा. पण ट्रंकेत ठेवून बुरशीला द्यायचा अधिकार तरी कोणी दिला?

काळा_कोट (बेळगाव) – सोमवार, सायंकाळी ६.४५

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या (आरपीएम) जुन्या तबकड्यांपैकी बऱ्याच आता मोकळ्या आहेत. पण ही कॅसेट कधी प्रसिद्धच झालेली नाही. शिवाय गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क वेगळा, तो गायनाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. १९७९ चं गाणं असेल तर अजून त्यात बसतं. म्हणजे मलप्रभाताई, कॅसेट तुमच्या मामांची, गाणं गुरुजींचं. गुरुजींच्या घरी जाऊन विचारा. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडे रीत तीच आहे.

जोडराग – सोमवार, रात्री ८.३०

विचारायला हवंच. आणि टाकाल तेव्हा सोबत नीट लिहून टाका, ही माझी हात जोडून विनंती. माझ्या फोनवर दोन गटांतून रोज पंधरा-वीस रेकॉर्डिंग येतात. फाइलचं नाव ‘ऑडिओ’ आणि पुढे आकडे. कोण गातंय, कुठला राग, तबल्यावर कोण, कुठलं साल, काही नाही. मन्सूरअण्णांचा संपूर्ण मालकौंस एकदा नुसता ‘मालकौंस’ म्हणून फिरत आला, आणि खाली एकाने लिहिलं होतं की बुवांचा पंचम चुकून लागला! साध्या मालकौंसात नसलेले रिषभ-पंचम ज्या रागात मानाने येतात, त्या रागाचं पूर्ण नाव न लिहिल्यामुळे एवढ्या मोठ्या गवयाच्या नावावर चूक जमा झाली. मला रात्रभर वाईट वाटत होतं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा त्या गाणं संपता संपता स्वतःच इंग्रजीत नाव सांगायच्या. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिराला कळावं कुणाचं गाणं आहे म्हणून. गाण्यालाच नाव शिवून टाकायचं. आपल्याला तर नुसतं टाइप करायचं आहे.

निपाणीचीच_दुसरी – सोमवार, रात्री ८.५१

जोडराग दादांना पूर्ण अनुमोदन. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, त्या गाण्यांच्या यादीत सुद्धा त्यांचं नाव आहे!

मलप्रभा – मंगळवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. अ‍ॅपच्या बाबतीत माझी चूक झाली. मूळ कॅसेटवरून पुन्हा उतरवलं, काहीही न काढता, या वेळी पहिली सहा मिनिटं. ऐका आणि सांगा. मागे काहीतरी बारीक चिवचिव आहे, ती अ‍ॅपने खरखरीबरोबर पुसली होती.

ऐकणारा – मंगळवार, रात्री ९.४०

चिमण्या!! ढीगभर चिमण्या! म्हणजे सकाळ. म्हणजे देशकार!

टिळकवाडीकर – मंगळवार, रात्री ९.५५

बाळा, चिमण्या दिवेलागणीलाही झाडावर तेवढाच गोंधळ घालतात, आणि भूपाची वेळ त्याला लागूनच येते. चिमण्यांवरून राग ठरवायचा नाही. पण जोडरागांना मी हे कबूल करतो की न धुतलेल्या तुकड्यात ती निषादाची सावली कुठेच नाही. शुद्ध कल्याण मी मागे घेतो. धैवत काय सुंदर ठेवलाय. हेडफोन लावून तिसऱ्यांदा ऐकायलोय.

फीत_आणि_सुई – मंगळवार, रात्री ११.३०

मंडळी, दोन गोष्टी सापडल्या.

एक : फितीत विजेची घुमघुम आहे. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, म्हणून घरच्या विजेवर चाललेल्या टेपमध्ये पन्नासचा खोल सूर कायमचा बसतो. संगणकावर आलेख काढला तर इथे दोन घुमघुमी दिसतात, एक पन्नासवर आणि एक त्रेपन्नवर. पन्नासवाली ताईंच्या आत्ताच्या डेकची. त्रेपन्नवाली फितीतली, ती मूळची पन्नासच असणार. म्हणजे ही कॅसेट सहा टक्के जलद फिरते आहे. सहा टक्के म्हणजे जवळजवळ बरोब्बर अर्धा स्वर, पेटीवरची शेजारची एक पट्टी. आपल्याला गुरुजी पांढरी दोनमध्ये ऐकू येतात, प्रत्यक्षात ते काळी एकमध्ये गात होते.

दोन : चार मिनिटं वीस सेकंदांपासून अगदी मागे, भिंतीपलीकडे, व्हायोलिन ऐका. शेजारच्या घरातला रेडिओ आहे, आकाशवाणीची ओळखधून! माझ्याकडे ती स्वच्छ मुद्रित आहे, शेजारी लावून पाहिली. फितीतली धूनही नेमकी तेवढीच, अर्धा स्वर, चढी आहे. दोन्ही साक्षी जुळतात. वेग उतरवून फाइल पुन्हा टाकतो आहे.

शनिवारची_रात्र – बुधवार, सकाळी ६.२०

रात्रीची फाइल आत्ता उठल्या उठल्या ऐकली. धून संपल्यावर कान देऊन ऐका, ‘वंदे मातरम्’ सुरू होतं. ती सकाळची पहिली सभा. सहा वाजायच्या आतली वेळ. माझे वडील त्या सुरावर चूल पेटवायचे. चिमण्या सकाळच्याच आहेत, टिळकवाडीकर काका.

आणि वेग उतरवल्यावर आवाज केवढा भारदस्त झाला! आधी चाळिशीतले वाटत होते, आता साठीतले वाटतात.

टिळकवाडीकर – बुधवार, सकाळी ७.००

देशकार. मान्य, पूर्ण मान्य. जोडराग, बेळगावला याल तेव्हा कुंदा माझ्याकडून.

जोडराग – बुधवार, सकाळी ७.१२

कुंदा घेतो अण्णा, पण मग कॅसेटवर ‘भूप’ का लिहिलं असेल? घरी भरलेली फीत, गुरुजींचा खास शिष्य, आणि तो देशकाराला भूप लिहील?

मिरजेची_गाडी (रायबाग) – बुधवार, दुपारी १२.४०

थोडं विषयांतर. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात जे गाणं होतं, तिथे आम्ही रायबागहून पॅसेंजरने जायचो. रात्रभर ऐकून पहाटेच्या गाडीने परत. यायच्या गाडीत कुणीतरी हमखास देशकार नाहीतर विभास गुणगुणायचा आणि शेजारचा झोपेतून “धैवत बघ, धैवत” म्हणायचा. या धाग्याने ती गाडी आठवली. चालू द्या.

ऐकणारा – गुरुवार, रात्री ८.०५

जोडरागदादा, मी खरंच चार दिवस सकाळी देशकार आणि संध्याकाळी भूप ऐकतोय. काल सकाळी रिक्षा स्टँडवर कुणाच्या तरी फोनवर सूर लागला आणि मी राग ओळखला. नाव आधी मनात आलं, स्वर नंतर मोजले.

जोडराग – गुरुवार, रात्री ८.१९

शाबास रे! याहून जास्त काय पाहिजे.

मलप्रभा – शनिवार, रात्री १०.००

आज बेळगावातल्या वडगावला गुरुजींच्या घरी जाऊन आले. सूनबाई भेटल्या, आता त्याही सत्तरीच्या. फोनवर पहिलीच तान ऐकली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला वाटलं, आवडलं नाही. पाच मिनिटांनी ओल्या डोळ्यांनी परत आल्या आणि म्हणाल्या, “हा आवाज आमच्या घरात कुणाकडेच नव्हता गं.” त्यांच्या नातवाने गुरुजींना कधी ऐकलेलंच नव्हतं. तो कॉलेजात शिकतो, घरी सगळे कन्नडमिश्रित मराठी बोलतात, गाणं कुणी करत नाही. तो सहाही मिनिटं दारात उभा होता.

मग आम्ही तिघांनी मिळून दुसरी बाजू लावली. ती मीही तोवर पुरती ऐकली नव्हती.

दुसऱ्या बाजूला सुरुवातीला गुरुजी बोलतात : “सकाळी धैवतावर उभं केलं होतं ना? आता खाली उतरा. गंधारावर बसा. स्वर तेच आहेत, घर बदललंय.” आणि भूप सुरू होतो. त्याच दिवशी संध्याकाळी! जोडरागदादा, तुम्ही ऐकणाराला जो अभ्यास दिलात, तो गुरुजींनी एका दिवसात, एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना करून घेतला होता. कॅसेटला चिठ्ठी एकाच बाजूला, म्हणून ‘भूप’.

दहाव्या मिनिटाला मामा भूपात सकाळचाच धैवत लावून उभे राहतात आणि गुरुजी चांगले रागावतात. टिळकवाडीकर काका, तुमचा मुद्दा मला तिथे पुन्हा आठवला. मी सूनबाईंना विचारलं, हे कापू का? त्या म्हणाल्या, “रागावलेत ते तुझ्या मामाला. तूच ठरव.” मी ठेवलं आहे. मामांनीही चाळीस वर्षं ते पुसलं नव्हतं.

दोन्ही बाजू टाकायची परवानगी मिळाली आहे. नाव मात्र नको म्हणाल्या, नुसतं ‘गुरुजी’ लिहायचं. मूळ वेव्ह फाइल नातवाच्या संगणकावर घातली. बाकी गुरुजींच्या कॅसेट एकेक करून आधी त्यांच्याकडे नेणार, मग इथे. फाइलसोबत हे लिहिलं आहे, काही राहिलं असेल तर सांगा :

“गुरुजी, बेळगाव. १९७९. घरची शिकवणी. बाजू १ : देशकार, पहाटे सहाच्या सुमारास, शेजारी आकाशवाणी. बाजू २ : भूप, त्याच दिवशी संध्याकाळी. काळी एक. मूळ फितीचा वेग सहा टक्के उतरवला आहे, बाकी काही काढलेलं नाही. मुद्रण : मामा.”

फीत_आणि_सुई – शनिवार, रात्री १०.२५

तबला आणि तंबोरा?

मलप्रभा – शनिवार, रात्री १०.३१

तंबोऱ्यावर मामा. तबला नाही, हातावर ताल आहे. लिहिते.

टिळकवाडीकर – शनिवार, रात्री १०.४०

ताई, बाजू दोन आत्ता लावू नका. रात्रीचा पहिला प्रहर टळून गेलाय. उद्या पहाटे सहाला पहिली बाजू आणि दिवेलागणीनंतर दुसरी, सगळे एकदम लावू या का?

ऐकणारा – शनिवार, रात्री १०.४२

मी गजर लावला.